हमाम ते बंब : खान्देशच्या उबेचा इतिहास

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातल्या हमामात शिरलेला माणूस आधी मान वर करतो. छतावर रंगीत नक्षी आहे आणि चार शतके उलटत आली तरी तिचे रंग पुरते गेलेले नाहीत. सोबतचा गाइड मुमताज महलची गोष्ट सांगतो. १७ जून १६३१ रोजी याच शहरात बाळंतपणात तिचा मृत्यू झाला, तापीपलीकडे जैनाबादेत तिला आधी दफन केले आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. ऐकणारे हळहळतात, फोटो काढतात, बाहेर पडतात. इथले पाणी तापायचे कुठे, त्यासाठी लाकूड कोण आणायचे आणि धूर कुठून जायचा, हे सहसा कुणी विचारत नाही. या लेखात तेच विचारायचे आहे. कारण या प्रश्नांचा माग काढत गेले की आपण जळगाव-धुळ्याच्या अंगणात, पहाटे पेटणाऱ्या चुलीपाशी येऊन पोहोचतो.

बुऱ्हाणपूर आणि खान्देश

आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, म्हणून आपण त्याला परके समजतो. इतिहासात मात्र ती खान्देशची राजधानी. फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस थाळनेरला बस्तान बसवले. थाळनेर म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातले, शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव. फारुकींच्या कबरी तिथे अजून उभ्या आहेत. मलिक राजाचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवले. शहराला नाव दिले खुल्दाबादचे सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि खान्देश मोगलांचा सुभा झाला. दख्खनच्या मोहिमांमुळे शाहजादे, सरदार, व्यापारी बुऱ्हाणपुरात येऊन राहू लागले. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणले गेले. तीच प्रसिद्ध कुंडी भंडारा योजना. शहरात पाणी आले ते असे. ते तापवण्याची कला हमामवाल्यांनी सोबत आणली होती.

हमाम या अरबी शब्दाच्या मुळाशीच उष्णतेचा अर्थ आहे. इस्लामी जगातल्या हमामांची सर्वसाधारण रचना अशी असे : भट्टी न्हाणीच्या भिंतीपलीकडे, वेगळ्या जागी. भट्टीवर तांब्याचे मोठे भांडे, त्यात पाणी. भट्टीतली गरम हवा आणि धूर थेट आकाशात सोडून न देता आधी फरशीखालच्या पोकळीतून फिरवायचे, त्यांची उष्णता दगडाला द्यायची आणि मग भिंतीतल्या नळ्यांमधून त्यांना वर काढून द्यायचे. ही युक्ती मुळात रोमन लोकांची. शाम आणि तुर्कस्तानच्या वाटेने ती मुसलमानांकडे आली आणि त्यांनी ती हिंदुस्थानपर्यंत आणली. काश्मीरच्या मशिदींत आजही दगडी फरशीखाली लाकूड जाळून नमाजींची जागा उबदार ठेवतात, तिलाही हमामच म्हणतात.

या रचनेत एक सूत्र आहे. आग एका जागी, ऊब दुसऱ्या जागी आणि धूर तिसऱ्या जागी. खान्देशच्या मातीत हे सूत्र चारशे वर्षांपूर्वी येऊन पोहोचले होते. पण ते किल्ल्याच्या भिंतीआडच राहिले. किल्ल्याबाहेरच्या घरांत या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत नांदत होत्या.

खान्देशात ऊब कशाला?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडतो. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तिथे ऊब हा काय विषय? पण ज्याने धुळ्याची डिसेंबर-जानेवारीची पहाट पाहिली आहे तो असे विचारणार नाही. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाते आणि थंडीची लाट आली तर पाच-सहा अंशांवरही उतरते. रावेर, यावल, फैजपूरच्या केळीला ही थंडी सोसत नाही. म्हणून बागाईतदार बांधावर पालापाचोळा पेटवून रात्रभर धूर करतात. केळीसाठी केलेली ही शेकोटीच म्हणायची.

तरीही इथे कुणी घर तापवत नाही. युरोपात खोली तापवतात, खान्देशात माणूस अंग तापवतो आणि पाणी तापवतो. घर तापवण्याची गरज जुन्या बांधणीनेच कमी केली होती. धाब्याचे घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, वर लाकडी किलच आणि त्यावर मातीचा थर. दिवसाची उष्णता अशा भिंती हळूहळू आत सोडतात. छताला एक भोक ठेवलेले असे, त्याला साणे म्हणतात. उजेड तिथूनच आत यायचा आणि धूरही तिथूनच बाहेर जायचा. जायचा म्हणजे जमेल तेवढा जायचा. बाकीचा किलचाला, भांड्यांना आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत बसायचा. तुळयांवर साचलेला काजळीचा काळा थर लाकडाला वाळवीपासून वाचवतो, असे जुनी माणसे कौतुकाने सांगत. त्या बाईला कशापासून वाचवायचे याचा हिशेब कुणी केला नाही.

मोळी कुणाच्या डोक्यावर

लाकूड यायचे सातपुड्यातून, अजिंठ्याच्या डोंगरातून आणि गावाभोवतीच्या झुडपी रानातून. ते आणणाऱ्यांत भिल्ल, पावरा यांच्यासोबत एक समाज असा होता ज्याची आपल्या मुस्लिम इतिहासलेखनात फारशी दखल घेतली जात नाही. तो म्हणजे तडवी. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आहेत आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आदिवासी म्हणून नोंदलेले आहेत. मुसलमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहर, बाजार आणि हवेली येते. तडव्यांचा इतिहास रानाचा आहे, मोळीचा आहे.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभी करून डोंगर काबूत आणला गेला. मग १८६५ आणि १८७८ चे वन कायदे आले. रानाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले. ज्या लाकडावर पिढ्यान्‌पिढ्या हात होता, तेच तोडणे गुन्हा ठरले. याच काळात रेल्वे भुसावळपर्यंत आली. तिला स्लीपर हवे होते, स्टेशनांना आणि पुलांना इमारती लाकूड हवे होते. ते रानातून अधिकृतपणे बाहेर पडत राहिले. डोक्यावरची मोळी मात्र चोरीची ठरली.

दुसरीकडे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव चढवले आणि खान्देशचे पडीक रान कपाशीखाली गेले. गावाजवळचे झुडूप कमी झाले. मग चुलीत लाकडाच्या जागी पऱ्हाट्या आल्या, तुराट्या आल्या, शेणाच्या गोवऱ्या आल्या. पऱ्हाटी भसकन पेटते आणि लगेच विझते. तिच्यापुढून उठता येत नाही, सारखे सारावे लागते. गोवरी जास्त वेळ धुमसते, पण धूरही जास्त करते. म्हणजे कपाशीने घरात पैसा आणला आणि चुलीपुढचे बाईचे तास वाढवले. या पऱ्हाट्यांची आणखी एक अडचण अलीकडे कळली. घरामागे रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांतल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून राहते. २०१७ मध्ये या अळीने राज्यभर कपाशीचा फडशा पाडला, तेव्हापासून कृषी खाते पऱ्हाट्या साठवू नका असे सांगत आहे. ज्या घरात दुसरे जळण नाही, त्याने काय करायचे हे त्या सूचनेत नसते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानातल्या माणसाचा हक्क मान्य केला आणि त्यात झुडपांचे लाकूड आणि बुंधे यांचा नावानिशी उल्लेख आला. पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत मुसलमान भागीदार आहेत, अशा आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. आगीतली भागीदारी म्हणजे जळणातलीही भागीदारी, हा अर्थ सातपुड्याच्या पायथ्याशी जितका कळतो तितका तो शहरात कळत नाही.

बंब : गरिबाचा हमाम

हमामाचे सूत्र किल्ल्याबाहेर आले ते बंबाच्या रूपाने. बंब आपल्या इतक्या सवयीचा आहे की त्यातली अक्कल आपल्याला दिसत नाही. तांब्याचे किंवा पितळेचे उभे भांडे, मधोमध एक नळी, नळीच्या तळाशी जाळी. जळण नळीत, पाणी नळीभोवती. जाळीखालून हवा शिरते, नळी उंच असल्याने ती वर ओढली जाते, त्यामुळे जाळ जोरात आणि स्वच्छ जळतो. आग चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली, म्हणून तिची उष्णता वाया जात नाही. वरून थंड पाणी ओतले की तोटीतून गरम पाणी बाहेर येते. काटक्या, करवंट्या, लाकडाचे ढलपे, कणसाची बुरकुंडे, काहीही चालते.

शहरात याचाच एक गरीब भाऊ होता, भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती सॉ मिलमधला लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची. मधे जी पोकळी उरते तीच नळी. खालून पेटवले की शेगडी तासन्‌तास मंद जळत राहते. रॉकेलच्या रांगा लागत त्या काळात जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांनी हिवाळे तिच्यावर काढले.

आता हिशेब करून पाहू. एका माणसाच्या आंघोळीला पंधरा लिटर पाणी धरा. पहाटे ते अठरा अंशांवर आहे आणि ते बेचाळीसवर न्यायचे आहे. त्याला ३६० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. पण तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत त्यातला जेमतेम दहावा भाग पाण्याला मिळतो. म्हणजे एका बादलीला साधारण एक किलो लाकूड. हाच वाटा पाव भागावर नेला, तर चारशे ग्रॅममध्ये काम होते. सहा माणसांच्या घरात हिवाळ्याच्या साठ दिवसांत पहिल्या पद्धतीने सुमारे ३६० किलो लाकूड जळेल, दुसऱ्या पद्धतीने दीडशे किलोच्या आत. मोळी वीस किलोची धरली, तर अठरा खेपांऐवजी सात. उरलेल्या अकरा खेपा म्हणजे रानाचे लाकूड आहे आणि एका बाईच्या मानेवरचे ओझेही आहे.

जगात काय झाले

थंड मुलखांत या सूत्रावर मोठा उद्योग उभा राहिला. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनने उघड्या शेकोटीऐवजी लोखंडी पेटीत आग बंद करण्याचा प्रयोग केला. आजचा लाकडाचा आधुनिक स्टोव्ह त्याच वंशातला. बंद दार, आतून उष्णता धरून ठेवणाऱ्या विटा, आणि हवेच्या दोन वाटा : एक लाकडाखालून, दुसरी जाळाच्या वरून. वरून येणारी गरम हवा धुरालाच पेटवते. धूर म्हणजे अर्धवट जळलेले जळणच, ही गोष्ट एकदा कळली की सगळी रचना समजते. अमेरिकेने १९८८ पासून अशा स्टोव्हच्या धुरावर मर्यादा घातली. ती कडक होत होत २०२० मध्ये तासाला दोन-अडीच ग्रॅमपर्यंत खाली आली. काश्मीर, लडाख, हिमाचलात पत्र्याची बुखारी असते. तिच्यात एवढी बारीक योजना नाही, पण नळकांडे भिंतीबाहेर जाते, त्यामुळे धूर खोलीत राहत नाही.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ पासून सुरू झाले आणि तिथूनच धुराडे असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर १९५३ मध्ये पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासात जाणारा धूर प्रत्यक्ष मोजला, तेव्हा जगाला या प्रश्नाचा आकार कळला. १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात हे काम त्यातल्या त्यात बरे झाले, कारण इथे कुंभारांना आणि छोट्या कारागिरांना चुली घडवून विकण्याचे शिक्षण मिळाले. पुण्याच्या आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने सिमेंटच्या साच्यातल्या, धुराडे असलेल्या ‘लक्ष्मी’ चुलीसारखे नमुने तयार केले. तरी अनुदानावर बसवलेल्या पुष्कळ चुली दोन-चार वर्षांत मोडल्या. धुराडे काजळीने बुजले की ते साफ करायला घरात कुणी पुढे येत नसे. चूल बाईची आणि छतावर चढणे पुरुषाचे, अशी ती वाटणी होती.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली आणि गॅस खेड्यात पोहोचला. हा बदल मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सुमारे ५९ टक्के घरेच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरताना दिसली आणि ग्रामीण भागात ४३ टक्के.

यात एक मेख आहे. हे सर्वेक्षण स्वयंपाकाबद्दल विचारते. सुधारित चुलीचा कार्यक्रम, उज्ज्वला, सगळ्यांनी भाकरीचा विचार केला. आंघोळीच्या पाण्याचा आणि शेकण्याचा विचार कुणी केला नाही. खान्देशात गॅस आलेल्या घरांतही सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून पाणी अंगणातल्या चुलीवरच तापते. कागदावर ते घर स्वच्छ इंधनाचे आहे आणि पहाटे त्याच घराच्या दारात धूर आहे. त्या धुराशेजारी पोरे शेकत बसलेली असतात आणि ओट्यावर दम्याची म्हातारी. घरातल्या धुराने जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

विझवून झोपा

थंडीच्या बातम्यांसोबत दरवर्षी आणखी एक बातमी येते : बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. कोळसा धूर करत नाही म्हणून लोक त्याला सुरक्षित समजतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. आधी डोके जड होते, मग झोप येते, आणि माणसाला वाटते की उबेमुळेच झोप आली. मदिन्यात एका रात्री एक घर माणसांसकट जळाले, तेव्हा पैगंबरांनी आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा, असे बजावल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. ही हदीस आपल्याकडे वाजांमधून क्वचितच ऐकू येते. हिवाळ्याच्या जुम्याला ती जरूर सांगावी. सोबत एवढेही सांगावे की धुराडे नसलेली कोणतीही शेगडी बंद खोलीत नको, आणि विझत आलेला निखारा पेटत्या जाळाइतकाच घातक असतो.

२०३० चा हिवाळा

चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, म्हणून रमजान साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९७ मध्ये तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू झाला होता, जानेवारीत आणि डिसेंबरच्या अखेरीस. २०३० मध्ये पुन्हा तसेच होणार आहे. म्हणजे खान्देशात ऐन थंडीत सेहरी, आणि फजरला मशिदीच्या हौदावर बोटे बधिर करणारे पाणी. त्या दिवसांत घराघरात पहाटे चारच्या आधी जाळ पेटेल आणि तो पेटवणारी व्यक्ती कोण असेल हे सांगायला नको.

तयारीला अजून वेळ आहे आणि त्यात अवघड असे काही नाही. खान्देशाला ऊन कमी नाही. मशिदीच्या गच्चीवर सौर बंब बसवला, तर वुजूच्या पाण्याला लाकूड लागणार नाही. जिथे तेवढा पैसा नाही, तिथे उघड्या चुलीऐवजी धुराड्याचा बंब ठेवावा, काटक्या पावसाळ्याआधी वाळवून आडोशाला ठेवाव्यात आणि धुराडे दर महिन्याला कुणीतरी पुरुषाने साफ करावे. वर्गणी काढून मिनारावर रोषणाई करणाऱ्या जमातींनी एखादे वर्ष तडवी पाड्यावरच्या दहा घरांना बंब घेऊन द्यावेत. दहा घरे, प्रत्येकी अकरा खेपा, म्हणजे एका हिवाळ्यात एकशे दहा मोळ्या डोक्यावर चढणार नाहीत.